बर्लिनचं रुखवत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत आमचे एक अण्णा आहेत. फौंड्रीवाले. दोन इंडक्शन भट्ट्या, साठ-सत्तर माणसं, गेटात गणपती, आणि २०२३ च्या दिवाळीपासून डोक्यात एकच किडा: परदेशी पार्टनर पाहिजे. कशाला पाहिजे, असं विचारलं की तांबड्या रश्श्याला नको म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघतात. "समद्यांनी केलाय," म्हणतात. समदे म्हणजे शेजारचा एक कारखानदार. त्याच्या पाटीवर मध्यंतरी 'इन कोलॅबोरेशन विथ' उगवलं आणि खाली एका इटालियन कंपनीचं नाव. त्या कंपनीकडून त्याने एक जुनं मशीन विकत घेतलं होतं. ते बंद पडलं, कोलॅबोरेशन चालू आहे.

अण्णांचा माल रेल्वेला जातो. माल म्हणजे काय ते सांगतो, कारण आपण जन्मभर त्याच्यावरून प्रवास करतो आणि त्याच्याकडे बघत कधीच नाही. रुळाखाली सिमेंटचा स्लीपर असतो. त्या स्लीपरच्या पोटात बिडाचा तुकडा पुरलेला असतो, डोकं तेवढं वर. हा इन्सर्ट. बीड साधं नव्हे, एसजी आयर्न, म्हणजे दणका बसला तर काचेसारखं न तडकणारं. इन्सर्टच्या भोकात पोलादी वळणदार क्लिप ठोकून बसवतात आणि ती क्लिप रूळ दाबून धरते. एका स्लीपरला असे चार. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर किलोमीटरला ६६४० इन्सर्ट. गाडी यांच्या जिवावर धावते, आणि हिरवा झेंडा इंजिनापुढे दाखवतात.

माझा या धंद्याशी संबंध एवढाच, की माझं इंग्रजी बरं आहे असा अण्णांचा समज आहे. त्यांनी माहितीपत्रक लिहायला दिलं. जुन्या पत्रकातलं पहिलंच वाक्य होतं, 'वुई आर अ ग्लोबल लीडर इन रेल्वे सोल्युशन्स'. मी म्हटलं, अण्णा, ग्लोबल म्हणजे कुठं कुठं? "हुबळी, सिकंदराबाद, आनि एकदा जबलपूर." आणि सोल्युशन्स म्हणजे? "इन्सर्ट." मग इन्सर्टच लिहू की! "नगं. इन्सर्ट लिवलं की भाव विचारत्यात. सोल्युशन लिवलं की चहा विचारत्यात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोल्युशन ठेवलं.

तर दर दोन वर्षांनी, सम सालाच्या सप्टेंबरात, बर्लिनला इनोट्रान्स नावाची जत्रा भरते. १९९६ पासून. रेल्वेच्या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी. २०२४ मध्ये तिथे ५९ देशांतून २९०० च्या वर दुकानं लागली होती. आवारात साडेतीन किलोमीटर रूळ आहेत. त्यांवर कोऱ्या करकरीत गाड्या आणून उभ्या करतात. लोक आत चढतात, सीटवर टेकून बघतात, दार उघडझाप करून बघतात, आणि उतरतात. रिकामी गाडी फलाटाला लागली आहे, बसायला जागा आहे, आणि लोक आपण होऊन खाली उतरताहेत, हे दादरला शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटणार नाही.

हे रुखवत आहे. साखरेचं तुळशीवृंदावन, मण्यांची पालखी, लोकरीचा ससा. बघणाऱ्याने 'छान आहे हो' म्हणायचं आणि पंगतीकडे सरकायचं. ज्यांना इंजिनं विकायची त्यांचे सौदे आधी कुठे तरी बंद खोलीत ठरलेले असतात, बर्लिनला फक्त सही आणि फोटो. ज्यांचं काहीच ठरलेलं नाही ते नऊ चौरस मीटरच्या गाळ्यात उभे. अण्णा त्यांतले. निळ्या मखमलीवर चार इन्सर्ट मांडलेले, शेजारी वाटीत काजू. मखमलीमुळे इन्सर्ट दागिन्यासारखे दिसत होते, असं ते म्हणाले. एका पाहुण्याने तर हे पेपरवेट आहेत का, असं विचारलं. अण्णांनी त्याला एक देऊन टाकला.

चार दिवसांत कार्डं पुष्कळ जमली. मी ती नंतर चाळली. निम्म्याहून जास्त आपलीच. भोसरी, चाकण, अंबड, हावडा, लुधियाना. शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाने शिष्टाचार म्हणून दिलेलं कार्ड आपण शिष्टाचार म्हणून घ्यायचं, आणि गावी गेल्यावर 'जर्मनीत उदंड प्रतिसाद' म्हणून सांगायचं, अशी पद्धत आहे. पण त्या गठ्ठ्यात एक कार्ड निघालं भोसरीच्या एका रबरवाल्याचं. रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये जे रबरी पॅड असतं, ते हा बनवतो. म्हणजे याचं पॅड आणि अण्णांचा इन्सर्ट वीस वर्षं एकाच स्लीपरवर, बोटभर अंतरावर बसलेले, एकाच गाडीचा मार खाणारे. मालकांची ओळख मात्र बर्लिनला झाली, मधल्या सुट्टीत, एकाने आणलेल्या भडंगावर.

भडंग लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मुख्य कार्यक्रम म्हणजे गाठीभेटी. वीस-वीस मिनिटांच्या. घंटी वाजली की पुढचा. अण्णांच्या वाट्याला एक जर्मन साहेब आला. अण्णा भावाच्या तयारीने गेले होते. दहा हजार नगांना एवढा, लाखाला एवढा, मुंबई बंदरात पोचवून एवढा. साहेबाने भाव विचारलाच नाही. त्याने विचारलं, आयएसओ २२१६३ आहे का? ही रेल्वे धंद्याची गुणवत्तेची मुंज. नव्हती. मग विचारलं, ईएन १३१४६ प्रमाणे चाचणी? त्यात एक प्रकार असा आहे की स्लीपरवर रुळाचा तुकडा बांधायचा आणि त्याच्यावर तीस लाख वेळा भार द्यायचा. तीस लाख. त्यानंतर मोजायचं की काय सैल झालं, काय झिजलं, काय सरकलं. अण्णा म्हणाले, आमचा माल प्रत्यक्ष लाइनीत वीस वर्षं भार खातोय, तीस लाख कधीच होऊन गेले. साहेब म्हणाला, मोजले कुणी?

अण्णांनी शेवटचं अस्त्र काढलं. आरडीएसओचं मंजुरीपत्र. लॅमिनेट केलेलं. लखनौची ही संस्था १९५७ पासून आपल्या रेल्वेचं सोवळं-ओवळं ठरवते. रुळावर काय चालेल, कुणाचं चालेल, याची यादी तिथे असते. त्या यादीत नाव लागलं की माणूस घरी पेढे वाटतो. साहेबाने पत्र उलटं-सुलटं बघितलं आणि विचारलं, "व्हॉट इज आरडीएसओ?"

घंटी वाजली.

गंमत पुढे आहे. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच कंपनीचा दुसरा साहेब, भारताचा बाजार बघणारा, अण्णांना शोधत गाळ्यावर आला. त्याचा पहिला प्रश्न: "यू हॅव आरडीएसओ?" अण्णांनी पत्र दाखवलं. तो खुर्ची ओढून बसला. काजू संपवले.

या दोन साहेबांमध्ये सगळा धंदा आहे. आपल्याला त्यांच्याकडून पार्टनर नको असतो, पाटी हवी असते. 'जर्मन टेक्नॉलॉजी' ही दोन शब्दांची पाटी. त्यांनाही पार्टनर नको असतो, दार हवं असतं. कारण सरकारी खरेदीचे नियम आता असे आहेत की निम्मा किंवा जास्त माल देशात बनलेला असेल तर तुम्ही पहिल्या वर्गाचे पुरवठादार, वीस टक्क्यांच्या वर असेल तर दुसऱ्या वर्गाचे, त्याखाली बाहेर बाकावर. मूळ आदेश २०१७ चा. शिवाय २०२० पासून २०० कोटींच्या आतल्या खरेदीला साधारणपणे जागतिक निविदाच निघत नाही. मग साहेबाला शिरोली आठवते. शिरोलीचं प्रेम नसतं ते, शिरोलीतून लखनौला जाणारी वाट असते. एकाला पाटी हवी, दुसऱ्याला दार हवं. पाटी दारावरच लागते, त्यामुळे दोघांचं जमल्यासारखं दिसतं. फोटोही चांगला येतो.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, परदेशी सोयरिकीशिवाय आपली रेल्वे उभी राहिली का? नाही राहिली. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली तिची इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फौंड्रीची. बघा, तेव्हाही फौंड्रीच. फरक इतकाच की त्या फौंड्रीला गाळ्यात उभं राहावं लागलं नाही. पण स्वातंत्र्यानंतरच्या सोयरिकींची यादी काढून बसलो आणि मला वेगळाच साक्षात्कार झाला. आपल्याशी संबंध जुळला की परदेशी कंपनीचं काही खरं नसतं.

चित्तरंजनला १९५० मध्ये वाफेची इंजिनं बनू लागली तेव्हा साथीला ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश होती. १९६२ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. पेरांबूरच्या कारखान्याला डबे शिकवले झुरिकजवळच्या श्लीरेनच्या कंपनीने, १९५५ मध्ये उद्घाटन झालं. ऐंशीच्या दशकात ती कंपनी रेल्वेच्या धंद्यातून उठली. वाराणसीला डिझेल इंजिनं आली अमेरिकेच्या अल्कोकडून, पहिलं इंजिन १९६४ मध्ये बाहेर पडलं, आणि १९६९ ला अल्कोने इंजिनं बनवणं बंद केलं. एलएचबी डबे ज्या लिंके-हॉफमान-बुशचे, ती नव्वदच्या दशकातच अल्स्टॉमच्या पोटात गेली. आता त्या नावाची आठवण जर्मनीपेक्षा आपल्या रिझर्व्हेशनच्या रांगेत जास्त निघते: "एलएचबी हाय का जुना डबा?" मढौराच्या इंजिन कारखान्याचा करार २०१५ मध्ये जीईशी झाला, २०१९ मध्ये जीईने रेल्वेचा धंदाच वॅबटेकला देऊन टाकला.

पत्रिकेत एवढा कडक मंगळ मी दुसऱ्या कुणाच्या बघितलेला नाही.

अर्थात, शास्त्र वेगळं आहे. आपण म्हाताऱ्या होऊ घातलेल्या डिझाइनशी लग्न लावलं, कारण ती परवडत होती आणि शिकवायला तयार होती. आणि त्यात एक शहाणपण होतं, जे कुणी भाषणात सांगत नाही: ड्रॉइंग आपल्याकडे राहिली. अल्को गेली, तरी अल्कोच्या घराण्यातली इंजिनं वाराणसीत पुढे चाळीसेक वर्षं निघत राहिली, आणि बांगलादेश-श्रीलंकेलाही गेली. श्लीरेनचा डबा पेरांबूरमधून २०१८ पर्यंत निघत होता. मास्तर वारले आणि विद्यार्थी त्यांच्याच वहीवर दुकान चालवत राहिला. वही बदलायला जरा उशीर केला म्हणा. पण वही होती. आजच्या करारांत पाटी येते, दार जातं, आणि वही साहेबाच्या कपाटात राहते, त्याच्या कुलपासकट.

घाटातली जुनी माणसं मात्र पाटी वाचत बसत नव्हती. विसाव्या शतकाच्या विशीत स्वित्झर्लंडहून विजेची मालगाडीची इंजिनं बोरघाटासाठी आली. युरोपात त्या घडणीच्या इंजिनाला मगर म्हणत. आपल्या माणसांनी त्याची चाल बघितली आणि नाव ठेवलं, खेकडा. संपलं. मग ते विंटरथूरचं असो नाहीतर वेंगुर्ल्याचं.

भागीदारी कुठे मोडते, हाही अभ्यासाचा विषय आहे. तंत्रज्ञानावर मोडत नाही, पैशावरही फारशी नाही. संडासावर अडते. लातूरच्या डब्यांच्या कारखान्याचंच बघा. वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्यांचं काम रशियन कंपनी आणि आपलं रेल विकास निगम यांच्या जोडीला मिळालं, २०२३ मध्ये. आधी भांडण टक्क्यांचं झालं. मोठा वाटा कुणाचा? शेवटी रशियनांकडे ७०, निगमकडे २५, उरलेले पाच तिसऱ्याकडे. झालं म्हणेपर्यंत २०२४ मध्ये रशियन बाजू म्हणाली, यांनी मागाहून जास्तीचे संडास मागितले, पँट्री मागितली, सामानाला जागा मागितली, आराखडा नव्याने करावा लागतोय. रेल्वेकडून उत्तर आलं, संडासाचा वाद नाहीच. ज्या सोयरिकीत 'संडासाचा वाद नाही' असं दोन राजधान्यांमध्ये जाहीर करावं लागतं, तिथे काय वाद असेल याची कल्पना लातूरकरांनी करावी. आराखडा काढणाऱ्याला एक रात्र आपल्या स्लीपरमधून लांबचा प्रवास घडवला असता, पहाटे पाचची रांग दाखवली असती, तर तासाभरात निकाल लागला असता.

फक्त आपलंच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने ७५ गाड्या मागवल्या, बांधल्या गेल्या गुजरातेत सावलीला. गाड्या समुद्र ओलांडून गेल्या, आणि तिथे लक्षात आलं की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला संडासापर्यंत धड जाता येत नाही. चौकशी बसली. दोष सावलीच्या वेल्डरचा नव्हता. ज्यांना तो संडास वापरायचा होता त्यांना मागणी लिहितानाच कुणी नीट विचारलं नव्हतं. मग गाड्या तिकडच्या मेरीबरोला नेऊन आतून पुन्हा घडवल्या. वेल्डिंग गुजराती, कंपनी कॅनेडियन, मालक ऑस्ट्रेलियन, आणि अडलं कुठे तर जिथे माणसाचं अडतं तिथे.

काही जण शोधाच्या भानगडीतच पडत नाहीत. पार्टनर विकत घेतात. कोलकात्याच्या टिटागढने २०१५ मध्ये इटलीतली फिरेमा घेतली आणि पुणे मेट्रोचे डबे त्या फिरेमाच्या घराण्यातले. पुणेकर त्यात बसून 'इटालियन आहे, पण हँडल जरा वर आहे' म्हणाले, ती भागीदारीची खरी पावती. अण्णांना मी हा मार्ग सुचवला. "कंपनी घेतो की," म्हणाले, "आधी भट्टीचं लाइट बिल भरतो."

आता इन्सर्टकडे येऊ. त्याच्या भोकात जी क्लिप बसते तिला लाइनीवर पॅन्ड्रोल म्हणतात. हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? पर पांडे-रोल्फसेन. नाव ऐकून अण्णा म्हणाले, "पांडे? मंजे बनारसचा?" नव्हे, नॉर्वेचा. तिथल्या रेल्वेत इंजिनियर. १९५७ च्या सुमारास त्याने पोलादी सळी अशी वळवली की एकदा ठोकून बसवली की ती आपल्याच ताणाने रूळ धरून ठेवते, नट नाही, बोल्ट नाही. त्यालाही परदेशी पार्टनर लागलाच. इंग्लंडच्या एका कंपनीने ती घेतली आणि त्याच्या नावाचे दोन तुकडे जोडून कंपनीचं नावच पॅन्ड्रोल करून टाकलं. आज आपला कीमन खांद्यावर हातोडा टाकून पहाटे लाइन चालत निघतो आणि निघालेली 'पॅन्ड्रोल' परत ठोकतो, तेव्हा तो एका नॉर्वेजियन माणसाचं आडनाव दगडी खडीत बसवत असतो. या भागीदारीत सोल्युशन शब्द कुठे नव्हता. वस्तू होती. हातात धरता येत होती.

अण्णांना मी विचारलं, तुमच्या इन्सर्टला दोन रुळांमधलं अंतर कळतं का? आपलं १६७६ मिलिमीटर, युरोपचं १४३५, कुठे मीटर गेज. त्यांनी विचार केला. "त्येला काय कळायचंय? त्यो एकाच रुळाखाली असतोय." मग जग मोठं आहे की! डबेवाल्याला, बोगीवाल्याला प्रत्येक देशात गेज आडवं येतं. इन्सर्टला फक्त क्लिपचा आणि रुळाच्या पायाचा आकार जुळायला हवा. आणि स्लीपर म्हणजे अडीचशे किलोच्या पुढचं धूड, ते कुणी समुद्रापार नेत नाही, जिथे लाइन टाकायची तिथेच ओततात. म्हणजे तुमचा गिऱ्हाईक बर्लिनच्या गालिच्यावर नाही, कुठे तरी नव्या लाइनीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंट कालवतोय. त्याच्याकडे मखमल घेऊन जायची गरज नाही.

"पर त्यो रिपोर्ट मागणार," अण्णा म्हणाले. "तीस लाखांचा."

मागणारच. आणि इथे भडंग येतो. कारण ती चाचणी एकट्या इन्सर्टची होतच नाही. क्लिप, पॅड, लायनर, इन्सर्ट, स्लीपर, सगळं एकत्र बांधून दणके देतात. टिकला तर सगळा संसार टिकला, नाहीतर कुणाचाच नाही. म्हणजे अण्णांना पहिला पार्टनर हवा होता तो भोसरीचा. साधारण साडेचार तासांच्या अंतरावरचा. तो गाठायला ते साडेसहा हजार किलोमीटर गेले.

आता दोघांनी मिळून चाचणीला माल पाठवलाय. एक क्लिपवाला सापडला, लायनरवाल्याचं बोलणं चालू आहे. तो दर आठवड्याला भाव बदलतो, पण बोलणं चालू आहे. नव्या माहितीपत्रकाचं पहिलं वाक्य अण्णांनीच सांगितलं: 'एका स्लीपरला चार, आम्ही चारही देतो.' सोल्युशन कापलं. मला थोडं वाईटच वाटलं.

परवा त्यांचा फोन आला. दुसऱ्या साहेबाची, काजूवाल्याची, ईमेल आली होती. वाचून दाखवा म्हणाले. साहेब जानेवारीत भारतात येतोय. 'सिनर्जी' धुंडाळायची आहे. आधी लखनौ, आणि वेळ उरल्यास कोल्हापूर.

"सिनर्जी मंजे?"

"सोल्युशनची थोरली बहीण."

"ड्रॉइंग आनतोय का?"

ईमेलमध्ये ड्रॉइंगचा उल्लेख नव्हता. अण्णा जरा वेळ गप्प. मागे भट्टीचा आवाज येत होता.

"लिवा मग. आधी कोल्हापूर. येताना ड्रॉइंग. दोन दिवस ऱ्हावा, रस्सा खावा, रिपोर्ट बघा. मग लखनौ."

"आणि लखनौचं तिकीट? आपण काढायचं?"

"त्येचं त्यो काढंल," अण्णा म्हणाले. "वेटिंग हाय ते मातुर लिवू नका."